मामीचा चष्मा

माझ्या मामाइतका डोळ्यांचं वेड घेतलेला माणूस त्या काळी आख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा नसेल. तळ्याच्या बाजारात पत्र्याच्या ट्रंकेवर चष्मे मांडून तो बसायचा, पण विकण्यापेक्षा उपदेशच जास्त करायचा. कुणाचा मुलगा शाळा सोडून घरी बसल्याचं कानावर आलं की मामा त्यांच्या ओटीवर हजर. "डोक्याने बरा असेल तर डोळ्यांचा डॉक्टर करा. नसेल तर मुंबईला काचा घासायला पाठवा. हात हलका असेल तर फ्रेमा करील. आणि नुसताच गोड बोलत असेल, तर चष्म्याच्या दुकानात उभा करा." मुलीही त्याच्या तावडीतून सुटत नसत. एका लग्नात त्याने बोहल्यावर चढायला निघालेल्या नवरीलाच गाठून डोळ्यांच्या इस्पितळात नर्स होण्याचा सल्ला दिला होता. मी पोस्टात चिकटलो, ते त्याने कधी मनावर घेतलंच नाही. भेटला की विचारायचा, "मग, अजून तिथेच?"

गिऱ्हाइकाचे डोळे तपासायची त्याची रीतही न्यारी होती. अक्षरओळख फारशी कुणाला नव्हती, म्हणून तो शेतकऱ्याला तांदळातले खडे वेचायला लावायचा आणि कोळणीला जाळ्याचा फाटका फास शोधायला सांगायचा.

एवढं असून त्याच्या घरात मात्र कुणाच्या नाकावर चष्मा नव्हता. मामीची नजर फार अधू होती. मामाने तिच्यासाठी चष्मा करून आणला होता, पण सासऱ्यापुढे सुनेने चष्मा लावणं आमच्याकडे आगाऊपणाचं समजत, म्हणून तो फडताळात पडून होता. बाजारात तोंडाचा पट्टा चालवणारा मामा वडिलांसमोर अवाक्षर काढत नसे. मामी चाचपडत स्वयंपाक करायची. एखाद्या दिवशी हिचा पदर चुलीत जाणार, अशी मला खरोखर धास्ती वाटायची.

एकदा मी गेलो असताना आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मामी वाढायला आली आणि कढत कालवण वाटीऐवजी आजोबांच्या हातावर ओतून बसली. आजोबांनी हात पाण्यात बुडवला आणि मामाकडे पाहिलं.

"हिला दिसत न्हाय काय रं?"

"कमी दिसतं. चष्मा करून ठेवलाय."

"मंग घालीत का न्हाय?"

"तुमच्यासमोर कशी घालणार?"

"मला कवा इचारलंस?"

मामाची मान खाली गेली. इतक्या वर्षांत आजोबांना कुणी विचारलंच नव्हतं. तो उठला, हात धुतला, फडताळातून चष्मा काढला आणि बापासमोर त्याने स्वतः तो बायकोच्या डोळ्यांवर चढवला. मामीने आधी सासऱ्यांचा लाल झालेला हात पाहिला आणि तिला रडू आलं. मग पदराने काचा पुसून तिने मामाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"तुमचे केस कधी पिकले हो?" ती हळूच म्हणाली.

मला त्या दोघांची फार माया आली. तिच्या कानामागची काडी नीट बसली आहे की नाही, तेच मामा पुन्हा पुन्हा बघत राहिला.