म्युझियममधली ओटी

चेन्नईला म्युझियमं बघायला चाललेय, असं मी घरी सांगितलं होतं. खरं तर दोन मैत्रिणींना भेटायला चालले होते. पण नवरा गेल्यापासून मी नुसतं मैत्रिणीचं नाव काढलं की मुलांना वाटतं, आईला घर खायला उठलंय. म्युझियम म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

दोघीही माझ्याबरोबर बँकेत होत्या. एक वेस्ट मांबलमची, तंजावरकडची मराठी. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण पुण्याच्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मीच कळावी अशी. दुसरी कोल्हापूरची. मुलाच्या नोकरीमागे नवऱ्यासकट चेन्नईतच पेरुंगुडीला येऊन राहिलेली. हिचा विश्वास देवावर नाही, घड्याळावर आहे.

शुक्रवारी सकाळी मांबलमवाली मला घ्यायला स्टेशनवर आली, तीच खांद्याला जड पिशवी लावून. आत नारळ, तांदूळ, केळी, खण, हळदकुंकवाची डबी.

"देवीची ओटी भरायला जायचं आहे की," ती म्हणाली.

"कुठल्या देवळात?"

"देऊळ नाही. म्युझियमात."

रिक्षात बसल्यावर तिने सगळं सांगितलं. तिथे एक ब्राँझची पार्वती आहे. ती म्हणे हिच्या आजोळच्या शेतात नांगराला लागून वर आली. खरंखोटं ती पार्वतीच जाणे. हिच्या लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोनदा आशा लागून मोडली होती. तेव्हा ही त्या पार्वतीला नवस बोलली, लेकीला दिवस राहू देत, बाळंतपणाआधी तुझी ओटी भरेन. आता नववा महिना चालू होता, लेकीचं ब्लडप्रेशर वर चढत होतं आणि डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं.

"नवस फेडायचा राहून काही वाकडं झालं तर मी काय करू?" ती म्हणाली. बँकेत ऑडिटच्या दिवशीही ढाराढूर झोपणारी ही बाई आठवडाभर झोपली नव्हती.

देवीचा वार म्हणून तिने मुद्दाम शुक्रवार धरलेला. फाटकाशी पोचलो तर भलंमोठं कुलूप. आमच्याकडे म्युझियमं सोमवारी बंद असतात, इथे शुक्रवारी. देवी आपल्याच वारी रजेवर गेली, असं म्हणून मी हसले आणि तिचा चेहरा बघून तिची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली.

तो दिवस मग आम्ही समुद्राच्या रस्त्यावर काढला. तिथे जुनी घरं खांबांसकट उचलून आणून मांडलेलं एक म्युझियम आहे. पेरुंगुडीवालीही आली. एका घराच्या ओसरीवर बसून आम्ही लिंबूभात आणि बटाट्याचे काप खाल्ले, आणि जुन्या मॅनेजरच्या नकला करून इतक्या हसलो की शाळेची सहल आमच्याकडे बघायला लागली. सहलीला तेवढंच एक चालतंबोलतं म्युझियम.

शनिवारी दार उघडायच्या आधीच आम्ही तिघी हजर. पिशव्या बाहेर ठेवा, असा नियम. पेरुंगुडीवाली म्हणाली, "बघ, आत नेऊ देणार नाहीत, मी सांगत होते." तोवर मांबलमवालीने खांबाआड जाऊन सगळी ओटी स्वतःच्या पदरात घेतली होती आणि वरून पदर घट्ट खोचला होता. पांढऱ्या केसांची, पोट पुढे आलेली बाई जिना चढताना पाहून एका माणसाने आदराने वाट दिली. मला हसू आवरेना.

पार्वती काचेमागे उभी होती. कंबर किंचित कललेली, एक हात लोंबता, दुसऱ्या हातात नसलेलं फूल धरलेलं. मांबलमवालीने चपला काढल्या. पदर सोडणार तोच खाकी साडीतली पहारेकरीण आली. तिने नारळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. काचेपुढे काही ठेवायचं नाही, फूलसुद्धा नाही, तिने तमिळमध्ये बजावलं. मैत्रिणीने लेकीचं सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं, हळहळली, आणि तरी नाही म्हणून मान हलवली.

मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी नास्तिक पेरुंगुडीवालीच म्हणाली, "रडतेस काय? देवीची भरता येत नसेल तर सवाष्णीची भरतात. तिच्या नावाने माझी भर. माझा नवरा ठणठणीत आहे." आणि तिने पदर पुढे केलाही.

मांबलमवालीने डोळे पुसले, तिला बाजूला केलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

माझा जीव घाबरा झाला. नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला मला बोलावतात, पण डबी माझ्यापाशी आली की बायका घुटमळतात. त्यांना अवघड नको म्हणून मीच पाणी आणायला उठते. मला त्याचं फार वाईट वाटतं, हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

"अगं, लेकीचा प्रश्न आहे," मी म्हणाले. "उगाच माझी नको."

"अय्यो, काय मणतीस?" तिने काचेकडे बोट केलं. "ती पाह्य की. एकटीच उभी आहे. तिचा शिव कुठं आहे? शेतात ती एकलीच सापडली. तिला मी नवस बोलले, मग तुला काय झालं? पदर पसर."

माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस होता. मी ओढणी पसरली. तिने तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. पहारेकरीण खिडकीकडे तोंड करून बाहेरचं झाड बघत राहिली. "थांब, कुंकू राहिलं," असं म्हणत पेरुंगुडीवालीने डबी उघडली आणि चांगलं ठसठशीत बोट माझ्या कपाळावर टेकवलं. मी तिथेच, परक्या लोकांत, हुंदके देऊन रडले. बरं वाटलं.

सोमवारी दुपारी परतीच्या गाडीत फोन आला. पलीकडून मांबलमवाली तमिळ आणि मराठी एकत्र करून ओरडत होती. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. समोरच्या बाकावरची बाई माझ्याकडे बघायला लागली.

"आमच्याकडे मुलगी झाली," मी तिला सांगितलं.