धंद्याचा रकाना

"लिहून ठेवलेलं बरं राहते, भाऊ," असं म्हणत काकाजी खिशातून पेन काढत, घड्याळ पाहत आणि कागदावर आधी वेळ टाकत. मग मजकूर. तीस वर्षं पोलाद कारखान्याच्या भट्टीवर शिफ्टचं लॉगबुक लिहिलेल्या माणसाची ही खोड. कारखान्याच्या कॅम्प-१ वस्तीत आम्ही शेजारी. दुधाची पिशवी फुटकी निघाली तरी काकाजी वेळेसकट नोंद करत.

रिटायर झाल्यावर ते सट्ट्याच्या चिठ्ठ्या, म्हणजे पट्ट्या, लिहू लागले. लोक पैसे लावायचा आकडा सांगत, हे सुवाच्य अक्षरात उतरवून घेत. असा उद्योग करणारे तुम्हीही पाहिले असतील. त्यावर इन्कम टॅक्स भरणारा मी मात्र हा एकच पाहिला. फॉर्मात धंद्याच्या रकान्यात त्यांनी सरळ लिहिलं होतं: सट्टा-पट्टी.

"काकाजी, हे कावून लिहिलं?"

"मग काय किराणा लिहू? दुकान कुठी हाय?"

सकाळी दहाला धाड पडली तेव्हा फॉर्मची नक्कल पोलिसांना कपाटात मिळाली, तारीखवार लावलेल्या फाइलीत; तेवढीच ते घेऊन गेले. खालच्या कोर्टानं सहा महिने ठोठावले.

अपिलासाठी मी त्यांना स्कूटरवर दुर्गला वकिलाकडे नेलं. वकीलसाहेब इतके भारदस्त, की आधी काळा कोट खोलीत येई आणि मागून ते.

"फॉर्म दुसऱ्यानं भरला म्हणा. सुटाल."

"अक्षर माह्यं हाय, साहेब."

"जेलमध्ये जायचंय का?"

काकाजींनी वकिलांनी अपिलात घातलेली ती ओळ खोडली, बाजूला सही केली, वेळ टाकली.

घरी काकू माझ्यावरच घसरल्या. "सुटून येतीन अन् पुन्हा चिठ्ठ्याच लिहितीन. भाऊजी, तुमीबी यायले कायले नेता तिकडं?"

"मी लिहून ठेवलं हाय," काकाजी म्हणाले. काय, ते सांगितलं नाही.

अपील मंजूर झालं. पंचानं धाडीच्या पंचनाम्यावर ठाण्यात बसूनच सही केल्याचं उघड झालं, आणि नुसत्या फॉर्मवरून त्या दिवशीचा गुन्हा सिद्ध होत नाही, असं कोर्ट म्हणालं. सुटलेला माणूस इतका खट्टू मी पाहिला नव्हता.

"माह्या लिहिण्यानं काईच साबित होत नाही म्हणते, भाऊ."

गेल्या वर्षी काकाजी गेले. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी ती फाइल माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या कागदावर लॉगबुकासारखी एकच ओळ होती: सकाळी १०.२०. सट्टा-पट्टी काम बंद. तारीख धाडीच्या दिवसाची.

काकूंनी ती दोनदा वाचली.

"हे तोंडानं सांगाले काय झालं होतं?" म्हणाल्या, आणि कागद होता तसा, तारखेच्या जागी लावून ठेवला.