सातव्या इनिंगनंतर

शनिवारी माझी पत्नी आणि तिचा मित्र बेसबॉलमधल्या एका पिचरवरून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावरून, भांडले. मंगळवारी लॅबच्या पायऱ्या उतरताना ती पडली. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी ती गेली.

आम्ही सिंगापुरात क्वीन्सटाउनला बाराव्या मजल्यावर राहत होतो. ती संशोधक होती. तिच्या नोकरीच्या पासवर माझा तिथं राहण्याचा पास होता. नागपूरच्या कॉलेजातली नोकरी सोडून मी तिच्यासोबत आलो होतो आणि घरी बसून एका प्रकाशकाची प्रूफं तपासत होतो. बेसबॉल तिनं अमेरिकेत पीएचडी करताना उचलला होता. तिचा मित्रही नागपूरचाच. इंजिनिअर, एकटा, वुडलँड्सला राहणारा. त्यालाही हे वेड अमेरिकेतच लागलेलं. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मी आपोआप भाऊजी झालो.

अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ असते तेव्हा सिंगापुरात शनिवारची सकाळ असते. सातच्या आत तो खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून स्ट्रॉ घातलेल्या गरम कॉफीच्या दोन पिशव्या लटकवत यायचा, दारातच ‘जयभीम’ म्हणायचा आणि चप्पल काढता काढता भांडायला सुरुवात करायचा. मी पोहे करून द्यायचो आणि आतल्या खोलीत प्रूफं घेऊन बसायचो. भिंत पातळ होती, त्यामुळे सगळं ऐकू यायचं, पण कळायचं फार थोडं. संघाचा साठीचा मॅनेजर खेळाडूंचाच पोशाख घालून का बसतो, हे मी तीनदा विचारलं असेल. तिन्ही वेळा त्यांनी मला वेगवेगळी उत्तरं दिली.

लिहिलेले नियम समजायला फार अवघड नव्हते. मला गोंधळात टाकायचे ते न लिहिलेले. खूप धावांनी पुढे असाल तर चेंडू टाकला जात असताना पळून पुढचा बेस चोरायचा नाही. चेंडू मैदानाबाहेर मारला तर त्याच्याकडे पाहत उभं राहायचं नाही. आणि पिचरनं समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठायची संधी, दिली नसेल, तर ती गोष्ट तोंडातून काढायची नाही. त्याच्या संघातले लोक त्याच्या शेजारीसुद्धा बसत नाहीत. नऊच्या नऊ इनिंग असं झालं तर तो पराक्रम, पण तोवर सगळ्यांनी गप्प राहायचं.

पहिल्याच वर्षी मी हा नियम मोडला. चहा द्यायला गेलो आणि पडद्याकडे बघून म्हणालो, “अजून एकही हिट नाही का?” पुढच्याच चेंडूवर हिट गेली. मित्रानं कपाळाला हात लावला.

“भाऊजी, त्या माणसानं तुमचं काय वाकडं केलं होतं?”

“अहो, प्रूफं वाचा तुम्ही,” ती म्हणाली.

ते हसत होते, पण मी नियम शिकलो. मला वाटतं, जरा जास्तच शिकलो. दोन वर्षांनी तिला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली आणि त्यानंतर ओळीनं तीन रिपोर्ट चांगले आले. त्या तिन्ही वेळी मी एक शब्द बोललो नाही. पुढची तपासणी कधी आहे, हेही विचारलं नाही. एकदा जेवताना तिनं स्वतःच म्हटलं, “या वेळी जरा भीती वाटतेय.” मी उठून चहा ठेवला. असं मी का केलं, हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं.

सीझन नुकताच सुरू झाला होता तेव्हाचा तो शनिवार. पिचरनं सात इनिंग एकही हिट दिली नव्हती. बाहेरच्या शांततेवरूनच मला ते कळलं. मग मित्राची खुर्ची सरकली.

“काय करतोय हा? ताई, काढला त्याला. मॅनेजरनं काढला.”

“दिसतंय मला.”

“सहाच आउट राहिले होते. सहा. आयुष्यात परत मिळेल का त्याला असा दिवस?”

“चेंडू किती झाले बघ त्याचे. एप्रिल आहे. हात अजून तापलेले नसतात यांचे.”

“मग?”

“मग काय? सप्टेंबरात, शेवटच्या सामन्यांना कोण टाकणार?”

“सप्टेंबर कोणी पाहिलाय, ताई?”

तिनं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. नंतर म्हणाली, “तेही आहेच. पण चांगलं चाललेलं असताना काढलं, तर त्यात एवढं वाईट काय?”

“तुम्ही बोलताय हे? मागच्या वर्षी हेच झालं तेव्हा तुम्ही मॅनेजरच्या नावानं बोटं मोडत होतात. हात येतो परत, दिवस येत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“म्हणाले असेन.”

“ताई, तुम्ही आता साहेब लोकांत गेलात. प्रमोशन झालं वाटतं.”

“जा रे, पोहे खा.”

तो चिडूनच गेला. दुसरा पिचर येऊन पहिल्याच फलंदाजाला हिट देऊन बसला होता, तेवढा पुरावा त्याला पुरेसा होता. प्रत्येक सामना जिच्यात मांडायची ती स्कोअरची वही मिटून ठेवत ती मला म्हणाली, “रागावला बिचारा. पुढच्या शनिवारी कांदा जास्त घाला पोह्यांत.”

तिच्या पुण्यानुमोदनाला घरात माणसं मावली नाहीत, काही बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. भन्तेजी बोलत होते तेव्हा मित्र शेवटच्या रांगेत बसला होता. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

मला काही आठवड्यांत देश सोडायचा होता, कारण तिच्याबरोबर माझा पासही संपला. सामान आवरताना स्कोअरची वही हातात आली. कव्हरच्या आत हॉस्पिटलचं पाकीट होतं. त्यावर शुक्रवारची तारीख होती, त्या भांडणाच्या आदल्या दिवसाची. लॅबमध्ये मीटिंग आहे म्हणून ती लवकर निघाली होती तो दिवस. चौथा रिपोर्ट चांगला नव्हता.

म्हणजे शनिवारी सकाळी सोफ्यावर बसली तेव्हा तिला माहीत होतं. त्या भांडणातली तिची वाक्यं मी मनात प्रूफ वाचावं तशी पुन्हा पुन्हा वाचली. सप्टेंबरची काळजी करणाऱ्या माणसाला सप्टेंबर हवा असतो. पण चांगलं चाललेलं असताना काढलं तर वाईट काय, असं म्हणणाऱ्याला? दोन्ही वाक्यं तिचीच, आणि मधे मिनिटभराचंही अंतर नव्हतं. ती निरोप घेत होती की औषधं पुन्हा सुरू करायचं मनात ठरवत होती? मी भिंतीच्या अलीकडे होतो. ती वाक्यं मला ऐकवण्यासाठी होती का?

निघण्याच्या आधीच्या शनिवारी मी मित्राला बोलावलं. तो कॉफीच्या दोन पिशव्या घेऊन आला. आम्ही टीव्ही लावला नाही. मी पाकीट त्याच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, “तुला सांगितलं होतं का तिनं?”

त्यानं कागद वाचला, तारीख पाहिली, पुन्हा वाचला.

“नाही,” तो म्हणाला. “सांगितलं असतं तर मी तसं बोललो असतो का, भाऊजी?”

तसं म्हणजे ‘सप्टेंबर कोणी पाहिलाय’, हे त्याला सांगावं लागलं नाही. मला फक्त माझा प्रश्न सोडवायचा होता आणि मी त्याच्या हातात त्याचा स्वतःचा प्रश्न देऊन बसलो होतो. कागद दाखवायलाच नको होता, असं तेव्हा वाटलं. अजूनही कधी वाटतं, कधी नाही.

“ती खेळाबद्दलच बोलत होती ना?” मी विचारलं.

“ताई खेळात दुसरं काही आणायच्या नाहीत. कोणी खेळाला आयुष्याची उपमा दिली की चॅनल बदलायच्या.” त्यानं पिशवीतली कॉफी ओढली. “एप्रिलबद्दलच बोलत होत्या. पिचरच्या हाताबद्दल.”

“मग बरं.”

“पण मागच्या वर्षी उलट बोलल्या होत्या, भाऊजी. तेवढंच कळत नाही.”

मग आम्ही पोहे खाल्ले. त्यात मी कांदा जास्त घातला होता. का घातला ते मी सांगितलं नाही. जाताना त्यानं दारात विचारलं, “वही तुम्ही नेणार?” मी हो म्हणालो. त्याला ती हवी होती, हे मला लिफ्ट खाली गेल्यावर समजलं.

आता मी नागपूरला राहतो. शनिवारी सकाळी सामना संपला की त्याचा फोन येतो. तो कोण जिंकलं ते सांगतो आणि मॅनेजरला शिव्या घालतो. मी नियम विचारतो, तो समजावतो. पाकिटाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

वही माझ्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर त्या शनिवारच्या सामन्याच्या सात इनिंगचे रकाने तिनं पेन्सिलीनं भरलेले आहेत. दोन कोरे आहेत.