एम-एचचा उच्चार

आमच्या ऑफिसात एसी मधूनमधून बंद पडतो आणि प्रिंटर रोज. तेवढ्या वेळात आम्ही एकमेकांना किस्से सांगतो. त्यांचा आता इतका ढीग झालाय की मैत्रिणी विचारतात, "गौरी, तू तिथे नोकरी करतेस की नुसती गप्पा ऐकतेस?" दोन्ही, यार!

ऑफिस सिटी सेंटरला आहे. धंदा काय, तर ग्वाल्हेरची मुलं शिकायला परदेशी पाठवायची. म्हणजे ॲडमिशन, लोन, स्कॉलरशिप, विसा, सगळं. सध्या आयर्लंडची फार डिमांड आहे. माणसं तीन. मालक जाधव सर, रिसेप्शनवर सुलभा काकू आणि मी.

जाधव सरांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनहून आलेले. कोणाचा विसा रिजेक्ट झाला की सर हमखास म्हणतात, "आमचे पूर्वज घोड्यावर बसून इथे आले. कोणी विचारलं का, बँक स्टेटमेंट दाखवा म्हणून?"

एकदा भिंडहून एका मुलाचे वडील आले. सरांनी त्यांना तासभर आयर्लंड समजावलं. शेवटी ते हळूच म्हणाले, "सब ठीक है सर, पर आयलंड है ना? चारों तरफ पानी. हमारे लड़के को तैरना नहीं आता."

सरांनी पाणी मागवलं. स्वतःसाठी!

*

पण खरे किस्से सुरू झाले नींव आल्यावर.

आमच्या बाहेर मोठा फ्लेक्स आहे. हिरवागार डोंगर, त्यावर किल्ला, वर लिहिलंय 'चलो आयर्लंड!' एका दुपारी एक लाल केसांची गोरी मुलगी फ्लेक्सकडे बघत खूप वेळ उभी राहिली. मग जिना चढून आत आली.

सर सवयीने म्हणाले, "बसा. कोणत्या देशात जायचंय?"

"जायचं नाहीये. आलेय," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "मी आयर्लंडची. आणि तुमच्या बोर्डवरचा फोटो स्कॉटलंडचा आहे."

तीन वर्षं, बरं का! तीन वर्षं आम्ही त्याच फ्लेक्सखालून पोरं पाठवतोय. एकानेही जाऊन कळवलं नाही!

ती इथल्या संगीत विद्यापीठात ख्याल गायकी शिकायला आली होती. तिकडे आयर्लंडमध्ये एक छोटासा ट्रस्ट आहे, परदेशात शिकणाऱ्या आयरिश मुलांना मदत करणारा. पहिल्या वर्षाची मदत त्यांनी दिली होती. दुसऱ्या वर्षाची मिळेल की नाही, ते ऑनलाइन इंटरव्ह्यूवर ठरणार होतं. नाही मिळाली तर बॅग भरायची आणि घरी. आई तिकडे स्कूल बस चालवते. तिच्या पगारात ग्वाल्हेर बसत नव्हतं.

"तुम्ही मुलांना इंटरव्ह्यूसाठी तयार करता ना?" तिने विचारलं. "मलाही करा."

सर खुर्चीतून उठले. "गौरी, फाइल काढ! उलटा केस आलाय!"

*

तिचं नाव पासपोर्टवर एन-आय-ए-एम-एच. उच्चार 'नीव'. आम्ही ग्वाल्हेरचे, हिंदीत वाढलेले, म्हणून ती लगेच 'नींव' झाली. म्हणजे घराचा पाया.

इंदरगंजच्या बँकेत खातं उघडायला मी आणि काकू तिच्याबरोबर गेलो. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट बघून हाक मारली, "नियम मॅडम!"

कोणीच उठलं नाही.

"अरे नियम मॅडम कौन हैं?"

नींव उठली. "नीव."

"मॅडम, लिखा तो नियम है. ये एम-एच का 'व' कैसे हो गया?"

नींव समजावायला लागली की आयरिशमध्ये असंच असतं. त्याला काही पटेना. मागे लाइन वाढत चालली. शेवटी सुलभा काकू पुढे झाल्या.

"भैया, एम-एच घर से इतनी दूर आएगा तो उच्चार बदलेगा ही ना! हमें देख लो. पुणेवाले रिश्तेदार पूछते हैं, ये कौन सी मराठी है?"

तो पोट धरून हसला. नेमप्लेट बघितली तर तोही आपलाच, कुलकर्णी! शिक्का मारत म्हणाला, "काकू, आधी नाही का सांगायचं!"

*

नया बाज़ारमध्ये काकूंच्या घरी वरची खोली रिकामी होती. नींव तिथे राहायला गेली.

पहिल्याच सकाळी क्लासला निघताना तिने नवीन मराठी झाडली, "काकू, मी जाते!"

काकू पोळी तव्यावर सोडून धावत बाहेर. "जाते नाही म्हणायचं! येते म्हणायचं!"

"पण मी जातेय."

"जा की! पण म्हणायचं येते. म्हणजे वापस येणार."

नींव मान हलवून क्लासला गेली. मग संध्याकाळी ऑफिसात मला म्हणाली, "गौरी, तुम्ही सगळे दारात उभं राहून खोटं बोलता. आणि किती गोड बोलता!"

*

काकूंची एकादशी होती. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर बटाट्याचे पापड. नींव ताटाकडे बघतच राहिली.

"याला उपास म्हणतात? मग आमचं आख्खं आयर्लंड उपासच करतं!"

हसून हसून वाईट हालत झाली आमची. पण त्यानंतर काय झालं, ते ऐका.

त्या महिन्यात तिचा ट्रस्टकडून येणारा हप्ता तिकडे कुठेतरी अडकला होता. तिने आम्हाला सांगितलं नाही. काकू जेवायला बोलावायच्या तर म्हणायची, "आज उपास आहे, काकू. बटाटे उकडलेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास. तिसऱ्या दिवशीसुद्धा.

काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि तडक वर गेल्या. दार ढकललं.

"काय गं, कोणत्या देवाचा उपास हा? कॅलेंडरात तर नाही!"

नींव खाली बघत बसली. काकूंनी बटाट्यांचं पातेलं उचललं, तिचा हात धरला आणि खाली आणलं. त्या बटाट्यांचा रस्सा झाला, वर भात, वरण, तूप.

"आजपासून उपास सोडला," काकू म्हणाल्या. "आता माझ्या घरात देव मी ठरवणार!"

*

तिचे गुरुजी कडक. महिनोन्‌महिने एकच, सा. सकाळी सा, दुपारी सा. आजूबाजूच्या लोकांना तिचा सा पाठ झाला. दूधवाला खालून हाक मारायच्याऐवजी सा लावायचा आणि काकू पातेलं घेऊन खाली यायच्या!

एकदा तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. आईने ऐकलं, ऐकलं, मग काळजीने विचारलं, "बाळा, ट्रस्टने सगळे पैसे एकाच सुरासाठी दिलेत का?"

काकूंना मी भाषांतर करून सांगितलं. काकू फोनमध्ये डोकं घालून म्हणाल्या, "त्यांना सांग, बाकीचे सहा पुढच्या वर्षी!"

नींव हसली नाही. म्हणाली, "काकू, हे मी इंटरव्ह्यूत सांगू?"

*

आता इंटरव्ह्यूची तयारी. जाधव सरांचा एकच मंत्र आहे. विसावाल्यांना नेहमी शंका असते की पोरगं तिकडेच राहील. म्हणून आमच्या मुलांना सर घोकून घोकून शिकवतात, 'आय विल कम बॅक'. प्रश्न कोणताही असो, शेवट हाच.

"पण सर," नींव म्हणाली, "ते स्वतःच आयर्लंडमध्ये बसलेत. मी कम बॅक कुठे करणार?"

सरांनी व्हाइटबोर्ड पुसला. मग म्हणाले, "ते मला नाही मालूम. फॉर्म्युला आहे. फॉर्म्युल्याला प्रश्न नाही विचारायचे."

आठवडाभर प्रॅक्टिस चालली. मी ट्रस्टवाली, सर ट्रस्टवाले, आणि काकू मधेच, "अगं, सरळ बस! ओढणी नीट कर!"

*

इंटरव्ह्यू आमच्याच ऑफिसात झाला. नया बाज़ारचं वायफाय मधेच डोळे मिटतं. नींव लॅपटॉपसमोर. आम्ही तिघं कॅमेऱ्याच्या मागे, श्वास रोखून. सरांच्या हातात व्हाइटबोर्ड, त्यावर मोठ्या अक्षरात 'COME BACK'.

स्क्रीनवर तीन माणसं होती. मधोमध हिरव्या मफलरवाल्या आजी, त्या अध्यक्ष.

"वर्षभरात काय शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"सा," नींव म्हणाली आणि लावला. लांब, सरळ, न हलणारा. आमच्या प्रिंटरनेसुद्धा आवाज केला नाही! मग ती म्हणाली, "बाकीचे सहा पुढच्या वर्षी."

तिघं हसले. पण आजी लगेच गंभीर झाल्या. "समज, आम्हाला या वर्षी मदत करता आली नाही. मग?"

सरांनी बोर्ड डोक्यावर धरला. नींवने बोर्डकडे बघितलं. मग आजींकडे बघितलं.

"मग मी घरी येईन. काम करीन, पैसे साठवीन. अँड देन आय विल कम बॅक."

"कुठे?"

"इथे. ग्वाल्हेरला."

सरांचा हात खाली आला. काकूंनी पदर तोंडाला लावला. तिकडे आजींनी वहीत काहीतरी लिहिलं. मग आजी म्हणाल्या, "ठीक आहे. आम्ही कळवू."

नींव घाबरली होती. हात जोडले आणि सवयीने तोंडातून निघालं, "येते!"

"हे काय म्हणालीस?"

"सॉरी! म्हणजे, मी जाते. पण इथे आम्ही जाते नाही म्हणत, येते म्हणतो. म्हणजे वापस येणार."

"आम्ही?" आजींनी चष्मा सारखा केला. मग कॅमेऱ्याकडे हात हलवला आणि एकेक अक्षर जपून म्हणाल्या, "ये-ते!"

स्क्रीन बंद.

सर ओरडले, "झालं! काम झालं!"

"अहो, कुठे झालं?" मी म्हटलं. "कळवू म्हणाल्या फक्त!"

"गौरी, त्या 'येते' म्हणाल्या ना!"

*

काही दिवसांनी मेल आली. दुसऱ्या वर्षाची मदत मंजूर! काकूंनी शिरा केला, सरांनी सगळ्या मजल्यावर वाटला, शेजारच्या कोचिंग क्लासवाल्यांनासुद्धा, ज्यांच्याशी पार्किंगवरून भांडण आहे. नींव आता 'रे'पर्यंत पोचलीये.

फ्लेक्स बदलायचं मात्र राहूनच गेलं. सर म्हणतात, पुढच्या सीझनला.

आणि परवाची गोष्ट. एसी बंद, प्रिंटर बंद, आम्ही तिघं चहा घेत बसलेलो. जिन्यावर कोणीतरी धापा टाकत येत होतं. दार उघडलं. पाठीवर सॅक, गळ्यात हिरवा मफलर.

"ये-ते!" आजी दारातून म्हणाल्या.

काकूंचा कप हातातच राहिला. "अहो, येते काय! आलात की!"

मी खुर्ची शोधतेय, काकू पाणी शोधतायत, आणि आजींनी बोट वर करून बाहेरच्या फ्लेक्सकडे दाखवलं. काही बोलणार, तेवढ्यात सर मान खाली घालून म्हणाले,

"मालूम है, मॅडम. स्कॉटलंड."