टोक उजवीकडे

दादांना काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. दादा म्हणजे माझे थोरले दीर. उमेळ्याच्या आमच्या जुन्या घरी राहतात, रोज सकाळी वाडीत जातात, वाकून तण काढतात आणि वहिनींची बोलणी खातात. त्यांची तब्येत आज माझ्या नवऱ्यापेक्षा चांगली आहे. तरीही त्या दसऱ्याचं जेवण आठवलं की मी हातातलं काम थांबवते.

मला याद्या करायची सवय आहे. सातिवलीला एका कारखान्यात मी माल रवाना करायचं काम बघते. कुठल्या टेम्पोत कुठले खोके, कोण सही करणार, कोणता माल आधी उतरणार, हे सगळं कागदावर असल्याशिवाय माझ्याकडून काही हलत नाही. घरीही तेच. फ्रिजवर चुंबकाने लावलेली यादी नाही असा दिवस आमच्या घरी नसतो. नवरा म्हणतो, "यादीत माझं नाव दिसलं नाही की मला घरात आल्यासारखंच वाटत नाही."

त्या वर्षी मुलीचं लग्न ठरत आलं होतं. होणारे व्याही आणि विहीणबाई मुलाला घेऊन दसऱ्याला दुपारी पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. त्यांचं घर मी पाहून आले होते. काचेचं टेबल, त्यावर लांब कापडी पट्टा, प्रत्येक ताटाशेजारी घडी घातलेला रुमाल. परत येताना रिक्षातच मी ठरवलं, की आमचंही काही कमी दिसता कामा नये. उमेळ्याला आम्ही अजून जमिनीवर पंगत मांडतो. पण वसई स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये आठ माणसांची पंगत बसायला जागा नाही, आणि व्याह्यांचे गुडघे दुखतात. म्हणून दोन टेबलं जोडायची, त्यावर केळीची पानं, पितळेचे पेले, मधोमध झेंडू आणि आपट्याच्या पानांची वेल. पंधरा दिवस मी मोबाइलवर टेबल मांडायचे व्हिडिओ बघत होते. त्यातल्या एकात केळीची पानं अशी मांडली होती की दोन्ही बाजूंच्या पानांची टोकं एकाच दिशेला, खिडकीकडे. होडीतल्या वल्ह्यांसारखी सगळी एका ओळीत. वरून फोटो काढला होता. मला तो फार आवडला.

आता, समोरासमोर बसलेल्या माणसांच्या पानांची टोकं एकाच दिशेला केली तर एका बाजूच्या माणसांच्या ती डावीकडे येतात आणि दुसऱ्या बाजूच्या माणसांच्या उजवीकडे. आमच्यात जिवंत माणसाच्या पानाचं टोक डाव्या हाताला. उजव्या हाताला टोक फक्त गेलेल्या माणसाच्या पानाचं. पितृपक्षात सासऱ्यांचं एकच पान तसं मांडतात, आणि घरच्यांची पानं नेहमीसारखी. दसऱ्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी वहिनींनी उमेळ्याला ते पान मांडलं होतं, आणि मी शेजारी बसून भजी तळत होते. त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी त्यावर विचार केला, आणि तो विचार कागदावर उतरवला. फ्रिजवरच्या यादीत दोन ओळी होत्या. 'पाहुणे तीन, मुलगी: टोक डावीकडे. घरचे चार: टोक उजवीकडे.' घरचे चार म्हणजे नवरा, दादा, वहिनी आणि मी. आपल्याच माणसांना काय, चालतं, असं मला वाटलं. मुलीला मात्र मी समोरच्या बाजूला, पाहुण्यांच्या ओळीत बसवलं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की ती मुलाशेजारी बसलेली शोभेल म्हणून.

दसऱ्याला सकाळी दादा आणि वहिनी पानं घेऊन आले. उमेळ्याच्या वाडीभोवती आता इमारती झाल्यात, पण पार्किंगच्या भिंतीला लागून थोड्या केळी अजून उभ्या आहेत. दादांची बायपास होऊन तीन महिने झाले होते. वजन उचलायचं नाही, जिने सांभाळून. तरी पानं त्यांनी स्वतः कापली होती, पुसली होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आले होते. मी ती कात्रीने एका मापाची करायला घेतली तेव्हा ते बघत राहिले.

"केळीची हजामत करतेस व्हय?"

"सगळी सारखी दिसायला हवीत, दादा."

"मानसं सारखी नायत, पानं सारखी कशाला?" म्हणाले आणि हसत सोफ्यावर जाऊन टेकले.

वहिनी स्वयंपाकघरात शिरल्या त्या शिरल्याच. पुऱ्या, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, कोशिंबीर. श्रीखंड मी आदल्या दिवशीच केलं होतं. त्या काम करत होत्या आणि मी बाहेर टेबलाशी. जागांच्या चिठ्ठ्यासुद्धा केल्या होत्या. वहिनींनी एक उचलून बघितली. "काका, काकू, असं लिवलंय. आमाला ठाऊक नाय का आमी कोन ते?" सगळे हसले. मीही हसले.

पाहुणे आले. विहीणबाई टेबल बघून दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर हॉटेलात पण नसतं!" एवढ्या एका वाक्यासाठी मी पंधरा दिवस राबले होते, आणि ते मिळालं. सगळ्यांना बसवलं. वहिनी आणि मी वाढणार होतो, मग त्यांच्यातच बसणार होतो. बसलेल्यांच्या पानांवर मी मीठ आणि लिंबाची फोड वाढली. वहिनींचं आणि माझं पान अजून रिकामंच होतं.

वहिनी खोबऱ्याच्या चटणीची वाटी घेऊन बाहेर आल्या. दादांच्या खुर्चीमागे थांबल्या. मी समोरच होते, म्हणून मला त्यांचं तोंड दिसलं. टेबलाला वळसा घालून त्या माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "त्यांचं पान फिरव ना गो. नुस्तं त्यांचं."

"फोटो झाला की फिरवते, वहिनी. एकच मिनिट."

"मीठ वाढलंस ना त्यावर."

"एकच मिनिट. मुलगा उभा राहून वरून काढणार आहे. एक पान फिरवलं तर ओळ मोडेल."

हे मी म्हणाले. शब्द न शब्द असेच. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हसत हसत म्हणाले.

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अवो, तुमी आत या बघू. तुमचं पथ्याचं वेगळं काढलंय, ते गार होईल."

दादांना कळेना. "पथ्याचं? मला तर पुरी खायची होती."

"पुरी पन देते. चला."

दादा उठले. वहिनींनी टेबलावरून स्वतःचं रिकामं पान उचललं आणि त्यांच्या मागून आत गेल्या. मी श्रीखंडाचं भांडं आणायला आत गेले, तेव्हा स्वयंपाकघराच्या फरशीवर चादरीची घडी घातलेली होती आणि तेच पान दादांपुढे होतं. टोक डावीकडे. वहिनी खाली बसून त्यावर मीठ वाढत होत्या. दादा खुशीत म्हणाले, "बरं झालं. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून जेवायला मला नाय जमत." त्यांना काही समजलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

मी तिथे वहिनींना काही म्हणू शकले असते. मी श्रीखंडाचं भांडं उचललं.

दादांचं बाहेरचं पान तसंच होतं, वाढलेलं, पुढे रिकामी खुर्ची. मीठ वाढलेलं पान कुणाशिवाय ठेवायचं नसतं, आणि तसं पान, त्या टोकाने, रिकाम्या खुर्चीपुढे कशासाठी असतं ते त्या टेबलावरच्या कुणालाही सांगायला नको होतं. वहिनी बाहेर आल्या, हात पदराला पुसले आणि दादांच्या खुर्चीत बसल्या. विहीणबाईंना म्हणाल्या, "ही जागा चांगली हाय. पंख्याखाली."

मुलाने खुर्चीवर चढून फोटो काढला. त्यासाठी मलाही बसवलं. सगळे वर बघून हसलो. फोटो झाल्यावर मी पान फिरवलं नाही. भाजी, वरणभात, पुऱ्या, सगळं वाढून झालं होतं, आणि वाढलेलं पान फिरवता येत नाही. पाहुणे गेल्यावर मी फ्रिजवरच्या यादीवर एकेक ओळ खोडली. 'घरचे चार' ही ओळही खोडली. हाताला सवयच आहे.

लग्न वैशाखात झालं, छान झालं. लग्नात व्याह्यांनी आम्हाला तो फोटो मोठा करून, लाकडी चौकटीत बसवून भेट दिला. 'आपल्या दोन घरांचं पहिलं जेवण,' असं विहीणबाई म्हणाल्या. नवऱ्याने तो हौसेने हॉलमध्ये लावला. टेबल खरंच सुंदर दिसतं. वल्ह्यांसारखी पानं, झेंडू, चमकणारे पेले. एका बाजूला एक पान कमी, पण कुणाच्या लक्षात येत नाही. वहिनी दादांच्या पानापुढे बसून वर बघून हसताहेत. येणारे जाणारे म्हणतात, "काय मांडलं होतंत हो!" मी म्हणते, "हो ना." एकदा वहिनीही त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी साडी बरी दिसते." मी चहा ठेवायला आत गेले.

दादांना काही होणार नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी शकुन-अपशकुन मानत नाही. पण मग मुलीचं पान मी सरळ का ठेवलं? हा प्रश्न मी वर्षभर टाळला. उत्तर यादीतच होतं, माझ्याच अक्षरात.

या वर्षी पितृपक्षात सासऱ्यांच्या दिवशी आम्ही उमेळ्याला गेलो. पुरुष बाहेर होते. मी भजी तळत होते. वहिनींनी सासऱ्यांचं पान मांडलं, टोक उजव्या हाताला, आणि मी झारा खाली ठेवला.

"वहिनी, दसऱ्याला त्या दिवशी... दादांचं पान. मी मुद्दाम तसं ठेवलं होतं. चुकून नाही."

त्या वाढत राहिल्या. आधी खीर, मग वडे.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "फ्रिजवर लावलं होतंस ना. पुऱ्या तळताना वाचली मी यादी. पाहुने इकडं, घरचे तिकडं. लेक पाहुन्यात."

"मग आधीच का नाही बोललात?"

"म्हटलं, लिवलं असशील, पन सांगितल्यावर फिरवशील."

भजी जळत होती, त्यांनीच गॅस बारीक केला.

"लेकीचं पान मीबी सरळच ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "त्याचं मला काय नाय. ते एक मिनिट मात्र लय लांब गेलं बघ."

मग दादा आत आले आणि सासऱ्यांचं पान कावळ्यासाठी बाहेर घेऊन गेले. वहिनींनी घरच्यांची पानं मांडायला घेतली. मी उठले, तर म्हणाल्या, "तू बस. आज मी मांडते." पाटापुढे माझं पान ठेवलं. ते थोडं तिरकं पडलं होतं. त्या वाकल्या, टोक धरून बोटभर डावीकडे सरळ केलं, आणि मीठ वाढलं.

"जेव," म्हणाल्या.