बुलबुलची शीळ आणि लोखंडी पंजा

हां, तर काल ते बिस्किटाचं सांगायचं राहूनच गेलं. मध्येच चहा आला, गप्पा भलतीकडे वळल्या आणि आपला बुलबुल बिचारा दोन डब्यांच्या मध्ये वाकलेला तो वाकलेलाच राहिला. त्याला आधी बाहेर काढू, मग बिस्किटाकडे येऊ.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थोडक्यात म्हणजे माझ्या थोडक्यात. बुलबुल हा आमच्या खाणीवरचा कडीवाला. नाव ऐकून कुणी नाजूक पाखरू डोळ्यांपुढं आणू नका. दारातून आत यायचा तर आधी खांदा, मग पोट, मग बाकीचा माणूस. मिशा अशा की चहातला निम्मा वाटा त्यांनाच जायचा. पण ओठांचा चंबू करून शीळ घालायला लागला की माणसं हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायची. त्यावरून हे नाव पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त हजेरीवाल्याला ठाऊक होतं, आणि त्यानं ते पुकारलं की बुलबुल स्वतःच ‘हा कोण नवीन?’ म्हणून मागं वळून बघायचा.

मी होतो वजनकाट्यावर. खाणीतून वर आलेले कोळशाचे डबे माझ्या खिडकीसमोर उभे राहायचे आणि तिथंच त्यांची माळ जोडली जायची. त्यामुळं बुलबुलचं अर्धं आयुष्य मी खिडकीच्या चौकटीत बसवून पाहिलंय म्हणा ना.

आता जोडायचे कसे, ते ऐका. प्रत्येक डब्याच्या एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला लोंबती जाड कडी. इंजीन डबे हळूच मागं ढकलणार, दोन डबे जवळ येणार, आणि ते एकमेकांना भिडायच्या आत कडीवाल्यानं मध्ये शिरून कडी उचलायची, आकड्यात अडकवायची आणि अंग चोरून बाहेर पडायचं. मध्ये हात आहे की हवा, हे डबा बघत नाही. आमच्याकडच्या जुन्या कडीवाल्यांना बोटांवर काही मोजायला सांगितलं तर मोजणी मध्येच अडायची. ‘आमच्याकडं सुट्टे नाहीत,’ असं म्हणून तेच आधी हसायचे.

बुलबुलची मात्र दहाच्या दहा शाबूत, ती या शिळेमुळं. आत पाय टाकला की शीळ सुरू, ती बाहेर पडेपर्यंत चालू. बाहेर आला की शीळ बंद आणि डब्याच्या पत्र्यावर दोन थापा. मग इंजीन हलणार. रूळ तिथं वळण घ्यायचा, त्यामुळं इंजीनवाल्याला कडीवाला दिसायचाच नाही. सगळा कारभार कानांवर. आणि इंजीनवाला कोण? तर बुलबुलचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

आमची वहिनी, म्हणजे बुलबुलची बायको, तीही खाणीवरच होती. दिव्यांच्या खोलीत. खाली उतरणाऱ्याला रॉकेलचा दिवा द्यायचा, वर आलेल्याचा घ्यायचा, काच पुसायची, खुंटीला टांगायचा. घरात तिचा भाऊ, नवरा आणि तवा, तिघंही तिच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर चालायचे.

तर काल वाकलेला तो इथं. कडी हातात, शीळ चालू. तेवढ्यात पलीकडं कोळसा भरणाऱ्या कुणीतरी फावड्यातली माती झटकायला फावडं पत्र्यावर आपटलं. धप्प, धप्प. मेहुण्याला वाटलं थापा पडल्या. त्यानं दांडा ओढला. बुलबुलनं हात काढला, पण सदऱ्याची बाही मध्येच राहिली. खांद्यापासून फाटून ती त्या डब्याबरोबर पार चढावावर फिरून आली.

वहिनी खोलीतून धावत आली. आधी नवऱ्याची बोटं तपासली, एक एक वाकवून. मग सगळ्यांसमोर भावाचा कान धरला.

“यापुढं शीळ ऐकू येतेय तोवर जागचं हलायचं नाही. मग थापा कितीही पडोत.”

“पण ताई, थापा दाजीच मारतात ना?”

“म्हणूनच सांगतेय. लग्न ठरल्यापासून त्यांच्या थापा ऐकतेय मी. घर आहे म्हणाले, भाड्याचं निघालं. पोहता येतं म्हणाले, काठावर बसून ओरडले.”

सगळं आवार हसलं. बुलबुल सगळ्यांत मोठ्यानं हसला. “बाहीच गेली ना?” म्हणाला. “सदरा जुनाच होता. आणि आत शिरायला मी काही घाबरत नाही. घाबरलेला माणूस शीळ घालतो का कधी?”

आम्हाला ते पटायचं. काय माणूस आहे, डब्यांच्या जबड्यात शिरतो तोही गाणं वाजवत, असं मीच नव्या माणसांना कौतुकानं दाखवायचो. वहिनी मात्र त्या बोलण्यावर हसली नाही. फाटका सदरा तिनं घडी करून काखेत मारला आणि खोलीत निघून गेली.

त्याच सुमारास खाणीच्या दुरुस्ती कारखान्यातल्या एका चष्मेवाल्या साहेबांनी डबे जोडायला लोखंडी पंजा तयार केला. दिसायला अगदी साधा. आपण हस्तांदोलन करतो ना, तसे दोन डबे करणार. दोन्ही टोकांना बोटं मिटल्यासारखा एकेक पंजा, डबे भिडले की एक दुसऱ्यात शिरून आपोआप अडकणार. अडकला की बाजूची लाल खुंटी आत जाणार, म्हणजे लांबूनही समजावं. सोडवायचं असलं तर डब्याच्या बाहेरच्या अंगाला एक दांडा, तो वर उचलायचा. मध्ये शिरायचं कामच नाही.

खाणीचे मोठे साहेब असल्या करामतींना कंटाळलेले होते. आधी दोन-तीन येऊन गंजून गेल्या होत्या. ते म्हणाले, “चढावावर जाऊन परत आला तर सगळ्या डब्यांना बसवू. कुठं अडला तर भंगारात. पुन्हा मला दाखवायचा नाही.”

वहिनीनं घरी स्वतःचं फर्मान काढलं. ते मला बुलबुलनंच सांगितलं, तोंड एवढंसं करून. “पंजा पास झाला तर रुळांवर राहा, म्हणते. नापास झाला तर दुसऱ्या दिवसापासून तिच्या शेजारी स्टुलावर बसून काचा पुसायच्या. आता हात जायची वाट बघणार नाही म्हणते.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, त्या खोलीत मी मावेन का? तर म्हणते, दिवे बाहेर काढू.”

हसू नका. उघड्यावर, रुळांच्या खडखडाटात वाढलेला तो माणूस. त्या कोंदट खोलीत रॉकेलच्या वासात स्टुलावर बसलेला बुलबुल माझ्या डोळ्यांपुढं येईना. आणि वहिनी बोलली की बोलली.

चाचणीच्या दिवशी सकाळी सगळे रुळांच्या कडेला जमले. पंजे बसवलेले डबे पुढं, इंजीन वळणापलीकडं. मेहुण्यानं डबे हळूच मागं रेटले. दोन पंजे एकमेकांत शिरले. खट्ट. लाल खुंटी आत गेली. बुलबुल बाहेर उभा, दोन्ही हात कमरेवर. आयुष्यात पहिल्यांदा डबे जोडले जाताना तो नुसता बघत होता. मग पुढं होऊन त्यानं मोकळ्या हातानं पत्र्यावर दोन थापा मारल्या, अगदी लाडानं, गाईच्या पाठीवर माराव्यात तशा.

गाडी हलली नाही.

चष्मेवाल्या साहेबांनी हिरवं निशाण हलवलं. वळणापलीकडं ते कोण बघणार? साहेब खाली बसले, डब्याखाली वाकून बघू लागले. “काय अडलंय रे?”

“काही नाही साहेब, फक्कड बसलाय,” बुलबुल म्हणाला. पुन्हा दोन थापा. गाडी तशीच.

मोठे साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले, “म्हणजे अडला.” चष्मेवाल्यांनी आत गेलेल्या खुंटीकडं बोट दाखवलं. “जोडलेला आहे साहेब, खुंटी आत आहे,” ते म्हणत होते, पण गाडी हलत नसेल तर खुंटीला कोण विचारतो? “सोडवा आणि ठेवा बाजूला,” असं मोठ्या साहेबांच्या ओठांवर आलेलं मी खिडकीतून बघत होतो.

तेवढ्यात दिव्यांच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. वहिनी हातात पुसायचं फडकं तसंच घेऊन आली आणि कुणाकडं न बघता थेट वळणापलीकडं इंजीनाकडं गेली. दोघा भावंडांचे आवाज आम्हाला इथवर येत होते.

“का रे, हलत का नाहीस?”

“दाजी आत आहेत.”

“आत कुठले? पोट पुढं काढून कडेला उभे आहेत.”

“मला दिसत नाही, ताई. मला ऐकू येतं. थापा पडल्या, पण शीळ चालूच आहे. तूच सांगितलंस ना, थापांवर जाऊ नकोस म्हणून? अजून कान दुखतोय माझा.”

तेव्हा कुठं आम्हा सगळ्यांच्या कानांत ती शीळ शिरली. इतकी सवयीची की ऐकूच येत नव्हती. बुलबुल डब्यांकडं बघत, मान डोलवत शीळ घालत होता, आणि अशी लांबलचक, ताना घेत की पूर्वी कधी ऐकली नव्हती.

वहिनी परत आली. “अहो, शीळ बंद करा.”

“मी कुठं घालतोय?” बुलबुल म्हणाला, अगदी खरं वाटून, आणि वाक्य संपताच ओठांचा पुन्हा चंबू झाला.

वहिनीनं खिशातून चहाबरोबर खायचं बिस्किट काढलं आणि अख्खं त्याच्या तोंडात कोंबलं. मग स्वतःच पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गाडी हलली. चढावावर गेली, थांबली, परत आली, आणि पंजे जसे धरले होते तसेच धरून. बुलबुलनं बाहेरूनच दांडा उचलला, डबे अलगद सुटले. चष्मेवाल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, उलटा घातला, परत काढला.

पुढं सगळ्या डब्यांना पंजे बसले. बुलबुल शेवटपर्यंत रुळांवरच राहिला, दहा बोटं घेऊन घरी गेला, आणि स्टूल मोकळंच राहिलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी मोठे साहेब हसून हसून दमले होते. डोळे पुसत म्हणाले, “पास. पण काय रे बुलबुल, इतकी वर्षं त्या डब्यांच्या मध्ये शिरून मजेत शीळ घालायचास. आता शिरायचं नाही, तर आज कशाला घालत होतास?”

बुलबुलनं बिस्किट कसंबसं गिळलं. मिशीतला चुरा झटकला. एकदा वहिनीकडं बघितलं आणि म्हणाला, “साहेब, ती मजेची नव्हती. आत शिरलं की पाय लटपटायचे, म्हणून घालायचो. मजेची शीळ आज पहिल्यांदा आली, तर हिनं त्यात बिस्किट कोंबलं.”