गुलामाचं गाणं

लग्नानंतरच्या बारा वर्षांत सासऱ्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला, तोही ब्राउनश्वाइगच्या आमच्या भाड्याच्या घरात, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की आठवते, कारण आमच्या इमारतीत एक ते तीन मिटाग्सरूअ असायची, म्हणजे सक्तीची दुपारची शांतता. त्या वेळात लेकीने पियानोला बोट जरी लावलं तरी खालच्या मजल्यावरच्या बाई दारात हजर.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते निवृत्त शिक्षक, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. मी पुण्याची असूनही माझे 'न' आणि 'ण' सुधारायला त्यांना फार आवडायचं, आणि मी मनातल्या मनात चरफडायचे. उरलेला वेळ दहा वर्षांच्या नातीबरोबर पत्ते. त्यामुळे तिचं मराठी पत्त्यांपुरतं पक्कं झालं होतं. राजा, राणी, गुलाम, एक्का. बाकी कशालाही उत्तर जर्मनमध्ये.

त्या आठवड्याच्या शनिवारी संगीतशाळेत तिचं फोरश्पील होणार होतं, पालकांसमोर पहिल्यांदाच एकटीने वाजवायचं. पियानोच्या बाईंनी तिला एकोणिसाव्या शतकातली एक रचना सोपी करून दिली होती. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम म्हणून राबणाऱ्या क्रेओल लोकांची एक जुनी चाल, तिच्यावर कुण्या पियानोवादकाने बांधलेली. 'स्क्लावे'ला मराठीत काय म्हणतात, असं लेकीने विचारलं. भाजी चिरता चिरता मी 'गुलाम' सांगून मोकळी झाले.

"आजोबा, हे गुलामाचं गाणं!" तिने जाहीर केलं.

"इस्पिकच्या की चौकटच्या?" बाबा हसले.

"आले फीअर!" म्हणजे चौघांचंही. आणि ती वाजवायला बसली.

त्या रचनेत डावा हात पियानो वाजवतच नाही, ढोल बडवतो. दोन आठवडे ते ऐकून माझं डोकं उठलं होतं. पण तिच्या सरावाच्या वेळी रोज फिरायला जाणाऱ्या बाबांनी ते त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं आणि त्यांच्या हातातले पत्ते खाली पडले.

"बंद कर! डफडं हाय हे! माह्या घरात डफडं नाही वाजनार!"

मी सुरी हातात धरून तशीच उभी. हे कोण बोललं? वाजनार? लेकीने झाकण आपटलं, "इश श्पीले निश्ट!" असं रडत ओरडली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. शनिवारी ती वाजवणार नव्हती, कधीच वाजवणार नव्हती.

बाबा पत्ते गोळा करत बोलू लागले. गावातल्या लग्नांत डफडं वाजवणं हे आपल्या लोकांचं ठरलेलं काम. त्यांचे वडील तापाने पडले म्हणून नऊ वर्षांच्या बाबांना पाठवलं. दिवसभर उन्हात वरातीपुढे चालून वाजवलं, आणि संध्याकाळी उरलेलं अन्न वरून, हात लागणार नाही असं, त्यांच्या ओंजळीत टाकलं. धम्म घेतला त्या वर्षी वडिलांनी ते डफडं अंगणात जाळलं.

"ह्यांनी मला कधी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"त्याला तरी कुठं माहीत आहे?"

मला धक्काच बसला. ज्या माणसाला रोज सकाळी मी चहा देत होते, त्याच्याबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती. आणि तरीही मला त्यांचा राग आला होता. आतून रडण्याचा आवाज येत होता.

"बाबा, पण तिचा काय दोष? आणि ते गुलाम लोक कुणाच्या वरातीत नव्हते वाजवत. तिच्या पियानोच्या बाईंनी सांगितलंय. रविवारी तेवढी सुट्टी मिळायची, तेव्हा मैदानात जमून ढोल वाजवायचे, नाचायचे."

"कुणाच्या लग्नात?"

"कुणाच्याच नाही. स्वतःसाठी."

"बोलावणं नसताना?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आपण काहीतरी भयंकर बोललो. "स्वतःसाठी," ते म्हणाले. थोड्या वेळाने परत तेच. मग उठले आणि नातीच्या दारावर टकटक केली.

शनिवारी तिने वाजवलं. दोनदा चुकली, टाळ्या मिळाल्या. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बाबांचा आवाज चढला त्या दुपारचं जेवणाचं टेबल. रडून लाल झालेली लेक शेजारी, आणि बाबा म्हणत होते, "डावा हात भितोय तुझा. असं बघ." मग त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांनी टेबलावर ठेका धरला. साठ वर्षं न वाजवलेला हात एकदाही अडखळला नाही.

लेक सवयीने दाराकडे बघायला लागली, खालच्या बाई येतील म्हणून.

"कुनी येत नाही," बाबा म्हणाले, "आन् आपल्याले कुनी बोलावलंबी नाही." आणि वाजवत राहिले.